आसनांनंतर पुन्हा पुन्हा कंबर दुखत असेल तर काय तपासावे

योगवर्गाला नियमित येणाऱ्या साधकांकडून एक तक्रार जवळजवळ ठरावीक शब्दांत ऐकू येते. आसने करताना काहीही होत नाही, उलट अंग मोकळे वाटते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासण्यासाठी बेसिनवर वाकले की कमरेत कळ येते, खुर्चीतून उठताना क्षणभर सरळ होता येत नाही, आणि चार दिवस वर्गाला सुट्टी दिली की दुखणे आपोआप शमते. वर्ग पुन्हा सुरू केला की आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. मग कोणी ‘कंबर कमकुवत आहे’ म्हणतो, कोणी ‘अजून ताणा, मोकळी होईल’ म्हणतो, आणि साधक बाम चोळत दोन्ही सल्ले आलटून पालटून पाळत राहतो.

सुट्टीने थांबणारे आणि अभ्यासाने परतणारे असे दुखणे बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडलेल्या भारामुळे होते. ज्या सांध्यातून हालचाल व्हायला हवी तिथून ती होत नाही आणि तिचा बोजा शेजारच्या सांध्यावर जातो. पुढे वाकण्याच्या आसनांत तो शेजारी म्हणजे कमरेचे मणके. त्यामुळे कंबर बळकट करण्याचे किंवा ताणण्याचे उपाय शोधण्याआधी आपले वाकणे नेमके कुठून होते हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आधी डॉक्टरांकडे कोणी जावे

काही लक्षणे असतील तर पुढचे काहीही करून पाहू नये. कळ नितंबातून गुडघ्याखाली पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत जात असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, चालताना चवडा उचलला जात नसेल, पडण्याचा किंवा अपघाताचा इतिहास असेल, दुखण्याबरोबर ताप किंवा कारणाविना वजन घटणे असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. जांघेत आणि बैठकीच्या भागात बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर ती तातडीची अवस्था आहे. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तींचा, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचा, प्रश्न वेगळा आहे. १९८४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अस्थिभंगुरता असलेल्या स्त्रियांच्या लहान गटांची तुलना केली होती. पाठ मागे उचलण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के स्त्रियांच्या मणक्यांना नव्याने इजा आढळली, तर पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात हे प्रमाण ८९ टक्के होते. गट लहान होते, त्यामुळे आकड्यांना फार घट्ट धरू नये. तरीही साठीच्या आजींना ‘डोके गुडघ्याला लागलेच पाहिजे’ असे सांगणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट ठाऊक असायला हवी.

याउलट, एमआरआयच्या अहवालात ‘चकती फुगली आहे’ असे आले म्हणून आसने कायमची सोडण्याचे कारण नाही. ज्यांना पाठदुखी मुळीच नाही अशा लोकांच्या तपासण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि ऐंशीतल्या सुमारे ८४ टक्के लोकांमध्ये फुगलेली चकती, म्हणजे आपण जिला गादी म्हणतो ती, आढळली होती. अहवाल डॉक्टरांनी लक्षणांशी ताडून वाचायचा असतो. आपल्याकडे मात्र ‘मणक्यात गॅप आहे’ या तीन शब्दांवर वर्षानुवर्षे माणसे वाकायला घाबरतात.

दुखणे कोणत्या हालचालीने वाढते

दुखण्याची दिशा ओळखली की अर्धे काम होते. वाकल्यावर, बराच वेळ बसल्यावर, बूट घालताना किंवा मोटारीतून उतरताना कळ येत असेल आणि थोडे चालल्यावर बरे वाटत असेल, तर पुढे वाकण्याच्या आसनांकडे पाहावे. उभे राहून, उतारावरून चालताना किंवा पालथे झोपल्यावर दुखत असेल आणि बसल्यावर आराम पडत असेल, तर मागे वाकण्याची आसने संशयास्पद ठरतात. कमरेखाली एकाच बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल आणि कूस बदलताना किंवा एका पायावर उभे राहून विजार घालताना ते वाढत असेल, तर पिळाची आणि पाय फाकवण्याची आसने तपासावीत.

चौथा प्रकार पाठीचा नसूनही पाठीच्या खाती जमा होतो. नितंबाच्या तळाशी, थेट बैठकीच्या हाडावर दुखते, कडक बाकावर बसवत नाही आणि पुढे वाकताना तिथेच ओढ लागते. हे दुखणे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या मुळाशी असलेल्या कंडरेचे असते. ‘स्नायू आखडले आहेत’ असे समजून साधक तोच भाग आणखी ताणतो, आणि ते महिनोन्‌महिने चिघळत राहते. अशा वेळी काही आठवडे खोल ताण पूर्ण बंद करून सेतुबंधासनासारख्या (उताणे पडून नितंब उचलणे), त्या स्नायूंना सावकाश काम देणाऱ्या आसनांकडे वळावे.

दिशा ठरवताना एक अडचण येते. कमरेचे दुखणे पुष्कळदा आसनानंतर लगेच जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जाणवते. त्यामुळे साधक आदल्या दिवशीच्या पश्चिमोत्तानासनाला (पाय पसरून बसून पुढे वाकणे) सोडून त्या सकाळी केलेल्या भुजंगासनाला (पालथे पडून छाती वर उचलणे) दोष देतो. म्हणून अभ्यासात एका वेळी एकच बदल करावा, निदान दोन दिवस त्याचा परिणाम पाहावा आणि मगच दुसरा बदल करावा. छोट्या वहीत केलेली आसने, दुखण्याची वेळ आणि दुखण्याची जागा एवढे टिपले तरी दोन आठवड्यांत संशयित आसन बहुधा स्वतःच पुढे येते.

पुढे वाकताना कमरेवर भार का पडतो

समोर वाकण्यासाठी शरीरात मुख्यतः दोन जागा आहेत. एक खुब्याचा सांधा, जिथे मांडीच्या हाडाचा गोल माथा श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या पट्ट्याखालच्या हाडांच्या, खोबणीत फिरतो. दुसरी जागा कमरेच्या पाच मणक्यांची. खुबा मोठ्या हालचालीसाठी आणि मोठ्या भारासाठी घडलेला आहे. गुडघा वाकवलेला असेल तर मांडी पोटाकडे सुमारे १२० अंशांपर्यंत येऊ शकते. गुडघा सरळ केला की मात्र मांडीच्या मागचे स्नायू, ज्यांना वर्गात सर्रास हॅमस्ट्रिंग म्हटले जाते, आडवे येतात. त्यांचे एक टोक बैठकीच्या हाडाला आणि दुसरे गुडघ्याखाली जोडलेले असल्यामुळे गुडघा सरळ होताच ते ताणले जातात, बैठकीच्या हाडाला धरून ठेवतात आणि श्रोणीला पुढे कलू देत नाहीत. उताणे पडून एक पाय सरळ वर उचलला तर बहुतेक प्रौढांचा पाय ७० ते ९० अंशांच्या दरम्यान थांबतो. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या अनेकांचा त्याही आधी.

आता पश्चिमोत्तानासनाचा हिशेब मांडून पाहावा. दंडासनात, म्हणजे पाय सरळ पसरून ताठ बसल्यावर, धड आणि पाय यांच्यामध्ये ९० अंशांचा कोन आधीच असतो. ज्याचा पाय उताण्या स्थितीत ७० अंशांवर थांबतो, त्याची खुब्यातून वाकण्याची सगळी शिल्लक आसन सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते. त्याची श्रोणी मागे कलंडते, कंबर गोल होते, आणि शिक्षकाने ‘कपाळ गुडघ्याला टेकवा’ असे म्हटले की पुढचे सगळे वाकणे कमरेचे मणके करतात. ही सूचना मला पाठीच्या दृष्टीने सर्वांत महाग वाटते. कपाळ गुडघ्याला टेकवायचा सोपा मार्ग पाठ गोल करण्यातूनच जातो, आणि छायाचित्रात ते आसन ‘पूर्ण’ दिसते. ‘नाभी मांडीकडे न्या’ असे सांगितले तर श्रोणी हलल्याशिवाय सूचना पाळताच येत नाही.

कमरेवर या स्थितीत काय बेतते, याची माहिती बरीच जुनी आहे. पुढे पूर्ण वाकलेल्या अवस्थेत कण्यालगतचे लांब स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचे वजन मणके एकमेकांना बांधणाऱ्या स्नायुबंधांवर आणि चकत्यांवर लोंबकळते, हे स्नायूंची विद्युत हालचाल नोंदवून १९५०च्या दशकातच दाखवले गेले होते. स्वीडनमधील अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. पुढे झुकून बसल्यावर तो सरळ उभे असतानापेक्षा स्पष्टपणे जास्त भरला. कमरेच्या चकत्या सरकण्याच्या बहुसंख्य घटना शेवटच्या दोन जागी, म्हणजे चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये आणि पाचव्या मणक्याखाली घडतात, आणि गोल पाठीने वाकताना सर्वाधिक तरफ तिथेच लागते.

यातून पुढे वाकणे वाईट आहे असा निष्कर्ष निघत नाही. निरोगी चकती रोजचे वाकणे सहज सोसते. प्रश्न वारंवारतेचा, वेगाचा आणि शेवटच्या टोकाला किती वेळ लोंबकळत राहतो याचा आहे. टोकाला काही मिनिटे थांबल्यावर स्नायुबंध हळूहळू सैल होतात आणि आसन सोडल्यावर लगेच मूळ ताणावर येत नाहीत. वर्ग संपल्यावर सतरंजी गुंडाळायला किंवा पाण्याची बाटली उचलायला वाकलेल्या माणसाच्या कमरेत उसण भरते, ती सतरंजीच्या वजनाने नव्हे. नुकतेच दीर्घ पश्चिमोत्तानासन करून सैल झालेल्या कमरेने, गोल पाठीने, कडेला वळून केलेले ते वाकणे असते. खोल वाकण्याच्या आसनानंतर दोन-तीन मिनिटे उताणे पडून गुडघे वाकवून पावले जमिनीवर ठेवावीत आणि सतरंजी उकिडवे बसून गुंडाळावी, एवढी साधी सवय पुष्कळ उसणी वाचवते.

दांड्याची चाचणी

घरातल्या पोछ्याचा किंवा झाडूचा सरळ दांडा घ्यावा. उभे राहून तो पाठीवर उभा धरावा. एक हात मानेमागून आणि दुसरा कमरेमागून. दांडा तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याची मागची बाजू, खांद्याच्या दोन पात्यांमधली जागा आणि कमरेखाली माकडहाडाच्या वरचे सपाट त्रिकोणी हाड. कमरेच्या खळगीत दांडा आणि पाठ यांच्यामध्ये तुमच्या हाताची बोटे मावतील एवढी फट असते. आता गुडघे किंचित सैल ठेवून नितंब मागे सरकवत, खुब्यातून बिजागरीसारखे सावकाश वाकावे. जोपर्यंत तिन्ही ठिकाणचा स्पर्श कायम आहे आणि कमरेतली फट तेवढीच आहे, तोपर्यंत वाकणे खुब्यातून होत आहे. ज्या क्षणी फट मिटून दांडा कमरेतल्या बोटांवर दाबू लागतो, किंवा खालच्या हाडापासून सुटतो, त्या क्षणी मणक्यांनी काम हाती घेतलेले असते.

तो कोन लक्षात ठेवावा. अनेकांना तो जमिनीला समांतर होण्याच्या बराच आधी येतो, आणि वर्षानुवर्षे हात जमिनीला टेकवणाऱ्या लवचीक साधकांनाही कधीकधी आश्चर्याचा धक्का बसतो, कारण त्यांची लवचीकता कमरेची असते, खुब्याची नसते. माझ्या पाहण्यात अशा लवचीक साधकांची कंबर ताठ साधकांपेक्षा जास्त वेळा दुखते. ताठ माणूस लवकर अडतो आणि त्यामुळे वाचतो.

बसून करण्याच्या आसनांसाठी वेगळी खूण आहे. दंडासनात बसून कमरेच्या मध्यभागी बोटे फिरवावीत. मणक्यांची टोके बाहेर आलेली लागली तर श्रोणी मागे कलंडलेली आहे. मग बैठक उंच करावी. घडी घातलेली घोंगडी, घट्ट भरलेला लोड किंवा लाकडी पाट यांपैकी काहीही चालते. १० ते १५ सेंटिमीटर उंची बहुतेकांना पुरते. बैठकीची हाडे आधाराच्या पुढच्या कडेजवळ ठेवावीत, म्हणजे श्रोणी आपोआप पुढे उतरते. एवढ्यानेही टोके आत गेली नाहीत तर गुडघे वाकवून त्यांच्याखाली गुंडाळलेली चादर द्यावी. गुडघा वाकवणे ही कमीपणाची गोष्ट समजली जाते, ते चुकीचे आहे. गुडघा वाकवल्याने मांडीमागचा स्नायू सैल होतो आणि श्रोणी मोकळी होते, म्हणजे आसनाचा जो हेतू आहे तोच साधतो. पावलांपर्यंत हात पोचत नसतील तर तळव्यांभोवती पट्टा किंवा जुनी ओढणी अडकवून ती धरावी, पण तिने स्वतःला पुढे ओढू नये. छाती उचलण्यापुरताच तिचा आधार घ्यावा.

पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ साली सुरू झालेल्या आपल्या संस्थेत विटा, पट्टे, लोड, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर यांचा वापर इतक्या बारकाईने रुजवला की आज ही साधने जगभरच्या योगवर्गांत दिसतात. महाराष्ट्रातल्या पुष्कळ वर्गांत मात्र अजूनही पट्टा मागणाऱ्याकडे ‘हा आजारी दिसतो’ अशा नजरेने पाहिले जाते. मधल्या काळात ज्यांची कंबर दुखते ते मागच्या रांगेत सरकतात आणि निमूटपणे गोल पाठीने वाकत राहतात.

उभ्याने वाकण्यासाठी स्वयंपाकघरातला ओटा उत्तम. ओट्याच्या कडेवर तळवे ठेवून पावले मागे न्यावीत, गुडघे थोडे सैल ठेवावेत आणि बैठकीची हाडे मागे ढकलत धड लांब करावे. उत्तानासनात जे साधायचे आहे ते सगळे इथे मिळते आणि कमरेवर लोंबकळणारे वजन हातांवर जाते. उत्तानासन पूर्ण थांबवून तीन-चार आठवडे केवळ हेच करणे हा मला या तक्रारीवरचा सर्वांत भरवशाचा पहिला उपाय वाटतो. त्याच्या जोडीला रोज उताणे पडून, एक पाय दाराच्या चौकटीला उभा टेकवून आणि दुसरा दारातून सरळ पसरून, मांडीमागचा स्नायू ताणावा. पाठ जमिनीवर असल्यामुळे कमरेला गोल होण्याची फारशी संधी मिळत नाही.

सूर्यनमस्कारांचा हिशेब

एखादे आसन महिनाभर चुकीचे करून जेवढा भार साठत नाही तेवढा सूर्यनमस्कारांत एका सकाळी साठू शकतो. बारा स्थितींच्या एका नमस्कारात हस्तपादासन, म्हणजे उभ्याने पुढे वाकून हात पायांशी नेणे, दोनदा येते. बारा नमस्कारांत ते चोवीस वेळा होते, आणि रथसप्तमीच्या निमित्ताने १०८ नमस्कारांचा संकल्प केला तर २१६ वेळा. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानात आणि बाहेरही सूर्यनमस्कारांचा पुरस्कार केला, तेव्हापासून मराठी घरांत हा व्यायाम संख्येने मोजण्याची रीत आहे. रीत चांगली आहे, परंतु संख्या आणि घड्याळ एकत्र आले की वाकणे फेकण्यासारखे होते. आकड्यांवर चालणाऱ्या सामूहिक कार्यक्रमांत वर्षभर बंद असलेली कंबर एकदम बाहेर काढली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात निम्मी उपस्थिती असते.

दुरुस्ती तीन जागी करावी. ऊर्ध्वहस्तासनातून खाली येताना हात पुढून भिरकावू नयेत. नितंब मागे नेत, गुडघे सैल ठेवून, छाती पुढे ठेवत यावे आणि शेवटी हवे तर मान सोडावी. हात जमिनीपर्यंत जात नसतील तर नडगीवर किंवा दोन विटांवर ठेवावेत. वर उठतानाही हाच मार्ग उलटा घ्यावा; गोल पाठ एकेक मणका उलगडत उठवण्याची पद्धत दिसायला सुंदर असते, पण दुखऱ्या कमरेसाठी ती टाळावी. दुसरी जागा पाय मागे नेण्याची. एका उडीत दोन्ही पाय मागे टाकून पोट सैल सोडले की कमर खाली लचकते, म्हणून एकेक पाय नेऊन ओटीपोट आत धरावे. तिसरी जागा साष्टांग नमस्कारातून भुजंगासनात जाण्याची. तिच्याविषयी पुढे येते.

नमस्कारांची संख्या निम्म्यावर आणून वेग अर्धा केला आणि तरीही दुखणे तसेच राहिले, तर सूर्यनमस्कार निर्दोष समजून पुढे शोधावे.

सकाळची पहिली घटका

एक कारण घड्याळात दडलेले असते आणि ते क्वचितच कोणी विचारते. रात्री आडवे असताना चकत्यांवरचा दाब उतरतो आणि त्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा साधारण एक ते दीड सेंटिमीटर उंच असतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच या वाढलेल्या उंचीपैकी जवळजवळ निम्मी घटते. तोपर्यंत चकत्या तट्ट असतात आणि वाकताना त्यांच्यावर व मागच्या स्नायुबंधांवर येणारा ताण दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा बराच जास्त असतो. १९९८ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखी असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, ज्यात त्यांना फक्त सकाळी उठल्यावरच्या पहिल्या काही तासांत वाकणे टाळायला शिकवले गेले, आणि त्यांचे दुखणे लक्षणीय कमी झाले.

आपले योगवर्ग पहाटे साडेपाच-सहाला भरतात, आणि साधक पाचला उठून थेट सतरंजीवर येतो. ब्राह्ममुहूर्त सोडण्याची गरज नाही, क्रम बदलावा. प्राणायाम, ताडासन, चालणे, त्रिकोणासन, शलभासन, सेतुबंधासन ही आधी घ्यावीत आणि पश्चिमोत्तानासन, हलासन, हस्तपादासन शेवटच्या भागात किंवा संध्याकाळी. ज्याची कळ बेसिनवर येते त्याने दातही निदान काही दिवस सरळ उभे राहून, एक हात बेसिनच्या कडेवर टेकवून घासावेत.

मागे वाकणे, पीळ आणि पाय उचलणे

मागे वाकताना उलटा पक्षपात होतो. छातीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे ते मागे वाकायला नाखूश असतात. कंबर तयार असते. परिणामी भुजंगासनात सगळे वाकणे शेवटच्या दोन मणक्यांत गोळा होते आणि तिथे ‘चिमटा बसल्यासारखे’ वाटते. एक सोपी परीक्षा आहे: भुजंगासनात वर आल्यावर तळवे क्षणभर जमिनीपासून अर्धा इंच उचलावेत. छाती जिथे राहते ती तुमच्या पाठीची उंची. त्यावरची उंची हातांनी कमरेवर लादलेली होती. काही आठवडे त्याच उंचीवर, कोपर वाकवलेले ठेवून, पायांचे पंजे आणि मांड्या जमिनीत दाबून आसन करावे. मांडीच्या पुढच्या बाजूचे आणि जांघेतले स्नायू आखडलेले असतील तर श्रोणी पुढे ओढली जाते आणि कमर आधीच कमानदार होते, म्हणून एक गुडघा मागे टेकवून जांघ उघडणारे अश्वसंचालनासन भुजंगासनाआधी घ्यावे. मणका पुढे सरकलेला आहे असे निदान झाले असेल तर खोल पश्चवक्र आसने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नयेत.

मागे वाकल्यावर लगेच ‘उपाय’ म्हणून खोल पुढे वाकण्याची पद्धत अनेक वर्गांत आहे. एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला जाणे दुखऱ्या कमरेला मानवत नाही. मध्ये मकरासनात (पालथे विसावून) किंवा उताणे, गुडघे वाकवून, आठ-दहा श्वास थांबावे.

पिळाच्या बाबतीत एवढेच लक्षात ठेवावे की कमरेचे मणके स्वतःभोवती फारसे फिरूच शकत नाहीत. प्रत्येक सांध्यात जेमतेम एक-दोन अंश. खरे वळणे छातीच्या मणक्यांत आणि खुब्यांत असते. वक्रासनात किंवा अर्धमत्स्येंद्रासनात गोल पाठीने बसून, कोपर गुडघ्याबाहेर अडकवून तरफ लावली की वाकलेली आणि पिळलेली अशी दुहेरी स्थिती कमरेवर येते, जी चकतीला सर्वांत कमी सोसते. बैठक उंच करावी, आधी कणा उभा करावा, मग उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, वळवावी. हात सर्वांत शेवटी आणि फक्त टेकण्यापुरता. श्रोणीची एक बाजू वळताना किंचित पुढे सरकत असेल तर सरकू द्यावी. दोन्ही हाडे जमिनीला खिळवून ठेवण्याचा हट्ट एका बाजूच्या दुखण्याचे नेहमीचे कारण असतो.

दोन्ही पाय एकत्र सरळ उचलण्याचे उत्तानपादासन ‘पोटाचा व्यायाम’ म्हणून लोकप्रिय आहे. पाय उचलणारा मुख्य स्नायू कमरेच्या मणक्यांच्या पुढच्या बाजूला उगम पावतो. पोटाचे स्नायू श्रोणीला धरून ठेवू शकले नाहीत की तो कमरेला जमिनीवरून वर ओढतो. कमरेखाली तळहात सरकू लागला की पाय त्या कोनात धरून ठेवणे थांबवावे. एकेक पाय उचलावा. ते पुरेसे आहे.

उसण भरल्यानंतर परतण्याचा क्रम

पहिले दोन-तीन दिवस वाकणे आणि पीळ दोन्ही बंद ठेवावेत, मात्र अंथरुणाला खिळून राहू नये. दीर्घ विश्रांतीने बरे होणे लांबते, म्हणून सोसेल तसे घरातल्या घरात चालावे. उताणे पडून पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवणे ही या काळातली सर्वांत सुखाची स्थिती असते. कळ ओसरली की मकरासन, मग छाती किंचित उचलणारे शलभासन, गुडघे वाकवून सेतुबंधासन. दांड्याची चाचणी वेदनेशिवाय जमू लागली की ओट्यावर हात ठेवून वाकणे, आणि त्यानंतरच उंच बैठकीवरचे दंडासन.

दंडासनात पाच मिनिटे निवांत बसता येऊ लागल्यावर पश्चिमोत्तानासनाला हात घालावा, तोही छाती उचललेल्या स्थितीत, आठ-दहा श्वासांपुरता. दुसऱ्या दिवशी बेसिनवर कळ आली नाही तर तीच मर्यादा आठवडाभर ठेवावी आणि मग थांबण्याचा वेळ थोडा वाढवावा. उंची आणि वेळ एकाच आठवड्यात बदलू नयेत. घोंगडीची उंची कमी करायची असेल तर एका वेळी एक घडी उलगडावी, नव्या उंचीवर पुन्हा कमरेमागे बोटे फिरवून पाहावे, आणि मणक्यांची टोके बाहेर आलेली लागली तर ती घडी मुकाट्याने परत घालावी.